फोन कुणाचा, कागद कुणाचा?

आमच्या गटात गेले काही महिने एक वाद चालू आहे. अंक छापायचा की नाही, हा तो वाद. कागद महागला, छपाई महागली, टपालात टाकलेला अंक पोचतोच असे नाही. तरुण मैत्रिणी म्हणतात, "ताई, पीडीएफ करा आणि व्हॉट्सॲपवर टाका. एका मिनिटात सगळ्यांकडे जाईल." आम्ही जुन्या, सायक्लोस्टाइलची शाई हाताला लावून घेतलेल्या. आम्ही म्हणतो, छापलेल्या शब्दाची सर त्याला यायची नाही. दोन्ही बाजू हिरिरीने बोलतात. मला आता वाटते की अंक ज्यांच्यासाठी काढायचा, त्यांना दोघींपैकी कोणीच काही विचारलेले नव्हते.

मार्केट यार्डालगतच्या वस्तीत आमची बैठक शनिवारी असते. शनिवारी फळे-भाजीपाल्याच्या बाजाराला सुट्टी, म्हणून. कांदा-बटाटा निवडणाऱ्या, मिरचीची देठे खुडणाऱ्या, भुसार बाजारात धान्य पाखडणाऱ्या, रस्त्याकडेला भाजी विकणाऱ्या आणि कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या अशा सगळ्या जणी येतात. अंकातला एखादा लेख मोठ्याने वाचायचा आणि त्यावर बोलायचे, ही आमची जुनी रीत. मागच्या खेपेला वाचन अर्ध्यावर असताना एकीने मला थांबवले. "ताई, हे तुमच्या आवाजात मोबाइलवर भरून द्या की. मी भाजी निवडता निवडता ऐकीन." तिच्या शेजारची लगेच म्हणाली, "आणि मला कागदच द्या. मोबाइल काय, पोरगा घेऊन जातो."

एकाच सतरंजीवर बसलेल्या दोघींची ही दोन उत्तरे. त्यानंतर चार-सहा वेळा मी पहाटेच बाजारात गेले. बाजाराने नव्या-जुन्याचा हा प्रश्न कसा सोडवला आहे ते पाहावे म्हटले.

बाजार वाद घालत बसत नाही. पहाटे गाड्या लागत असतात, तेव्हा आदल्या दिवसाचे भाव वर्तमानपत्रात छापून यायचे असतात आणि आजचे भाव मोबाइलवर फिरू लागलेले असतात. टोमॅटो दहा किलोला काय, कोथिंबीर शेकडा काय, हे इकडे गाळ्यावर ठरते न ठरते तोच तिकडे पुरंदर-जुन्नरच्या बांधावर कळते. कृषी पणन मंडळाचे मुख्य कार्यालय याच मार्केट यार्डात आहे आणि त्यांच्या संकेतस्थळावरही रोजचे भाव येतात. पण म्हणून अडत्याच्या गाळ्यावरचे वर्तमानपत्र गेलेले नाही. चहाबरोबर ते हातोहात फिरते. भावाचा रकाना आता कोणी आज काय विकावे हे ठरवायला वाचत नाही. काल आपल्याला मिळाला तो भाव खरा होता का, हे पडताळायला वाचतात. मोबाइलवर आलेल्या भावावर वाद होतो, "कुणी टाकलाय हा?" असा प्रश्न निघतो. छापलेल्यावर तो कमी निघतो. छापलेले खरेच असते असे मुळीच नाही, पण त्याखाली कुणाचे तरी नाव असते.

हिशोबाचे तर अजूनही कागदावरच भागते. शेतकऱ्याचा माल विकला की अडत्या पट्टी करतो. माल किती, भाव काय, हमाली-तोलाई किती, हातात रक्कम किती, हे सगळे त्या चिठ्ठीएवढ्या कागदावर. २०१६ साली राज्य सरकारने फळे-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याकडून घेणे बंद करून खरेदीदारावर टाकली. तेव्हा कापली की नाही कापली हे बघायला पट्टीच उपयोगी पडली. आता टेम्पोवाला त्याच पट्टीचा फोटो काढून गावाकडे पाठवतो. पैसे खात्यावर, फोटो फोनवर. सोयीचेच आहे, नाही कोण म्हणेल?

पण एका बाईने सांगितले ते ऐका. नाव देत नाही, गावही देत नाही. ती पालेभाजी करते. जुड्या बांधण्यापासून गाडीत भरेपर्यंतचे काम तिचे. पूर्वी पट्टी घरी यायची ती देवळीत राहायची. तिला वाचता येत नव्हते, पण आकडे कळत होते. लेकीकडून ती वाचून घ्यायची. "आता फोटो येतो, तो मालकाच्या फोनवर. मला म्हणतात, बरे पैसे आले. किती ते विचारलं तर म्हणतात, तुला काय करायचंय?" तिच्या घरात माहिती पूर्वीपेक्षा लवकर पोचते आणि तिच्यापर्यंत पूर्वीपेक्षा कमी पोचते. हे दोन्ही एकाच वेळी घडते आहे. नवे तंत्र आले म्हणजे सगळ्यांना सगळे कळू लागले, असे समजणाऱ्यांनी जरा या देवळीपाशी थांबावे.

भाजीवाल्या बायकांकडे वळू. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा रद्द झाल्या, सुट्ट्या पैशांची ओढाताण झाली आणि पुढच्या काही वर्षांत प्रत्येक पाटीवर तो काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा कागद आला. गंमत पाहा, डिजिटल व्यवहाराची खूणसुद्धा छापलेल्या कागदाचीच. आता शेजारी एक डबीही असते. गिऱ्हाइकाने पैसे पाठवले की ती डबी मोठ्याने रक्कम सांगते. निरक्षर बाईला यातून खरेच बळ मिळाले आहे. गिऱ्हाइकाने "पाठवले" म्हणून नुसता फोन दाखवून निघून जाण्याची सोय राहिली नाही. हे मी बाजूला सारणार नाही.

मात्र तो चौकोन कुणाच्या खात्याचा आहे, हे विचारायला लागले तेव्हा पुष्कळदा उत्तर आले, मुलाच्या. नाहीतर नवऱ्याच्या. "माझा फोन साधा आहे ना, म्हणून." एकजण हसत म्हणाली, "डबी दिवसभर सांगते इतके रुपये आले, तितके रुपये आले. संध्याकाळी माझ्या कनवटीला काय? आवाज." पूर्वी धंद्याचा पैसा दिवसभर तरी तिच्या कमरेला असायचा. त्यातून ती उद्याच्या मालाचे बाजूला काढायची, लेकीच्या वहीचे, दवाखान्याचे काढायची. नवऱ्याच्या दारूपासून चार पैसे लपवायची. या लपवण्याला आपण चळवळीत कधी मोठे नाव दिले नाही, पण बाईचे अर्थकारण त्यावरच उभे असते. ते लपवणे आता संपले, कारण खात्याचा हिशोब ज्याच्या हातात फोन त्याला दिसतो. रोकड गेली याचे मला दुःख नाही. तिच्या नावाचे खाते आणि तिच्या हातातला फोन यांच्याआधी हा चौकोन आला, याचे आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३८ टक्के निघाल्या आणि पुरुष ६१ टक्क्यांच्या वर. स्वतःला वापरता येईल असा मोबाइल होता जेमतेम ५५ टक्के स्त्रियांकडे. या आकड्यांना आता काही वर्षे झाली. फोन वाढले असतील, वाढलेच आहेत. पण 'घरात फोन आहे' आणि 'बाईकडे फोन आहे' ही दोन वेगळी वाक्ये आहेत, आणि शासनापासून आपल्यापर्यंत सगळे जण पहिले वाक्य उच्चारून दुसरे गृहीत धरतात.

आता आमच्या बाजूच्या, छापील शब्दाच्या, कौतुकाबद्दलही बोलले पाहिजे. पुण्याला छापील अक्षराचा मोठा अभिमान. आम्हा बायकांनाही आहे. १८५५ साली फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, हे आपण प्रत्येक शिबिरात सांगतो. १९०६ मध्ये तानूबाई बिर्जे यांनी 'दीनबंधू'च्या संपादनाची जबाबदारी घेतली, हेही सांगतो. १९३० साली 'स्त्री' निघाले, १९७७ मध्ये 'बायजा', १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी'. या अंकांनी आमच्या पिढीला वाढवले. पण मुक्ताच्या समाजातल्या किती बायकांना तिचा निबंध वाचता आला असेल? छापील शब्द कष्टकरी बाईपर्यंत कायम दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून पोचला. आम्ही वाचायचे, त्यांनी ऐकायचे. या देवाणघेवाणीत वाचणारीचे आसन थोडे उंचच राहिले, हे आपण कबूल करायला हवे.

आणि इथे मोबाइलने आमची चांगलीच जिरवली. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्यात आलेली एक मावशी आमच्या बैठकीला येते. पत्र कधी लिहिले नाही, कधी वाचले नाही. आता ती बहिणीला आवाजाचा निरोप पाठवते. कुठले बटण दाबून धरायचे ते नातीने शिकवले. बहिणीकडून उलट निरोप येतो, तो ती दोनदा ऐकते, एकदा कळण्यासाठी आणि एकदा रडण्यासाठी. मध्ये वाचून दाखवणारे कोणी नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिचा निरोप तिच्याच शब्दांत गेला. दीडशे वर्षांच्या छपाईने जे तिला दिले नव्हते ते या डबड्याने दिले. आमच्या तरुण मैत्रिणींचे म्हणणे मला इथे पटले, अगदी मनापासून. फक्त त्या पीडीएफ म्हणत होत्या, आणि पीडीएफ म्हणजे पुन्हा वाचणारीचीच सोय. अक्षर तेच, फक्त बारीक.

कागदाचे आणखी एक नाते आहे, ते वाचण्याचे नव्हे. कागद वेचणाऱ्या बायकांना वर्तमानपत्र म्हणजे वजन. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. बाजारात आधीपासून हमाल पंचायत होती, डॉ. बाबा आढावांचे काम होते, 'कष्टाची भाकर' १९७४ पासून चालू होती. त्याच वातावरणात या बायकाही संघटित झाल्या. त्यांना मिळालेली पहिली मोठी गोष्ट म्हणजे ओळखपत्र, महापालिकेने मान्य केलेले. पोलीस चोर म्हणून हटकायचे, सोसायटीचा रखवालदार आत सोडायचा नाही. अशा वेळी तो फोटो लावलेला कागदाचा तुकडा पुढे करायचा. पुढे २००८ पासून 'स्वच्छ' सहकारी संस्थेमार्फत दारोदार कचरा गोळा करण्याचे काम मिळाले, त्याचाही पाया तो कागदच. बैठकीला येणारी एकजण ते जुने कार्ड अजून जपून आहे. कडा झिजल्या आहेत, फोटोतली बाई तरुण आहे. "हे कुणाला उघडून बघायला पासवर्ड लागत नाही," असे ती म्हणाली. हा शब्द ती कुठे शिकली कोण जाणे.

रद्दीचे विचारले तर तिने सांगितले की वर्तमानपत्र पूर्वीइतके निघत नाही, घरपोच येणाऱ्या सामानाचे पुठ्ठे मात्र ढिगाने निघतात. लोक फोनवर वाचतात आणि फोनवरच मागवतात, दोन्हींचा हिशोब शेवटी तिच्या पोत्यात येतो. २०२० सालच्या टाळेबंदीत हे सगळे एकदम थांबले होते. एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरोघर वर्तमानपत्र टाकायला मनाई केली. नंतर ती इतरत्र शिथिल झाली तरी मुंबई-पुण्याच्या परिसरात चालू राहिली. मार्केट यार्डही बंद झाले. बाजार कधी उघडणार, रेशन कुठे वाटतात, कोणती गल्ली बंद, हे सगळे फोनवरच. शाळाही फोनवर. एका घरात एक फोन, तर तो आधी कामावरच्या पुरुषाला, मग मुलाला, मग मुलीला. आईची पाळी आलीच नाही.

आणि मग सरकारी योजना. 'लाडकी बहीण' योजना २०२४ मध्ये आली, महिन्याला १५०० रुपये. त्या पैशांबद्दल, त्यामागच्या मतांच्या हिशोबाबद्दल आपले मतभेद असू शकतात, पण वस्तीतली बाई तो पैसा मोजून वापरते हे मी पाहिले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने सगळ्यांना ई-केवायसी करायला लावले. बाईचा आधार क्रमांक, तिच्या फोनवर ओटीपी. इथवर ठीक. मग पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या फोनवर ओटीपी. बहिणीचा हक्क सिद्ध करायला पुरुषाच्या फोनवर आलेले आकडे! आमच्या वस्तीत एकीच्या नवऱ्याने ओटीपी सांगायला निम्मे पैसे मागितले. एकीचा नवरा सात वर्षांपूर्वी दुसरी करून निघून गेला आहे, त्याच्या फोनचा नंबरसुद्धा तिला माहीत नाही.

ओरड झाल्यावर मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली. विधवा आणि घटस्फोटित बायकांनी मृत्यूच्या दाखल्याची किंवा घटस्फोटाच्या आदेशाची प्रत अंगणवाडीताईकडे द्यावी असे सांगण्यात आले. म्हणजे फोन अडला तिथे सरकार मुकाट्याने कागदावर परत आले. पण टाकलेल्या बाईकडे कुठला कागद असतो? नवरा मेलेला नाही, घटस्फोट झालेला नाही. १९८०च्या दशकात संगमनेरपासून परित्यक्तांची चळवळ उभी राहिली, ती याच प्रश्नावर. आमच्या नावाचे वेगळे रेशनकार्ड द्या, ही तिची साधी मागणी होती. नवऱ्याच्या नावामागून बाईचे नाव सोडवून घेण्यासाठी किती मोर्चे, किती निवेदने! आणि चाळीस वर्षांनी तीच बाई पुन्हा नवऱ्याच्या मागे उभी केली गेली, या वेळी त्याच्या मोबाइल नंबरच्या मागे. रेशनकार्डावरचे नाव निदान डोळ्यांना दिसत होते, त्यासाठी भांडता येत होते. नंबर कुणाचा जोडला आहे ते दिसतही नाही.

मागे एका बाईबरोबर बँकेत गेले होते. पासबुक छापायचे यंत्र बंद. खिडकीतला माणूस म्हणाला, "मेसेज येतो ना, मग पासबुक कशाला?" मेसेज जात होता मुलाच्या नंबरवर. नंबर बदलण्याचा अर्ज मागितला तर तो म्हणाला, मुलालाच घेऊन या. त्या दिवशी मी खूप भांडले. बाई मात्र बाहेर आल्यावर म्हणाली, "तुमी कशाला एवढं बोललात, आता त्यानं घरी सांगितलं तर?"

म्हणून आमच्या वादात माझे मत आता असे झाले आहे. अंक छापायचा. कमी पानांचा असेल, मोठ्या अक्षरांचा असेल, पण छापायचा. छापील शब्दाची सर वगैरे कारणासाठी नाही. अंक घरात पडून राहतो म्हणून. तो सून वाचते, शेजारीण मागून नेते. तो पिठाच्या डब्याखाली ठेवता येतो, आणि त्यात ठळक छापलेला १८१ हा नंबर फोन तपासणाऱ्या नवऱ्याच्या तावडीतून सुटतो. (कधी अंकच सापडतो आणि मार पडतो, हेही घडले आहे. अशा बाईला निरोप ऐकून पुसून टाकता येणे जास्त सुरक्षित वाटते. तिचे तिला ठरवू द्यावे.) जोडीला प्रत्येक लेख आवाजात भरायचा, आणि आमच्या पुणेरी आवाजात नव्हे, तर बैठकीतल्या बायकांच्या. व्हॉट्सॲपच्या यादीत आहे ती सभासद, हा हिशोब मात्र बंद करायचा. त्या यादीत आमचे पुष्कळसे सभासद म्हणजे सभासदांचे मुलगे आहेत!

सरकारकडे मागायचे ते एवढेच, की जिथे फोनचा रस्ता आहे तिथे कागदाचाही रस्ता उघडा ठेवा, आणि बाईच्या कुठल्याही हक्कासाठी दुसऱ्याच्या फोनवरचा ओटीपी मागू नका. त्यासाठी मोर्चा काढावा लागेल असे आमच्यातल्या काही जणींना वाटते. मलाही वाटते.

गेल्या शनिवारी आम्ही नंबरांची वही काढली. नाव, वस्ती, काम, फोन नंबर असे चार रकाने होते. पाचवा आखला: 'फोन कुणाचा?' एकेकीला विचारत गेलो. 'माझा', 'पोराचा', 'मालकिणीने दिलेला', 'शेजारणीचा, निरोप देते'. लिहिणारी मुलगी भरभर लिहीत होती. मिरची खुडणाऱ्या एकीपाशी आली तेव्हा ती बाई थोडी थांबली, मग म्हणाली, "दिवसा माझा, रात्री नवऱ्याचा, असं लिही." मुलीने वर पाहिले. रकाना अरुंद होता, तिने ते दोन ओळींत लिहिले.